सासूबाईंचं डालगं, नवऱ्याचा बंगला आणि परसातल्या आठ कोंबड्या

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या, त्यांचे पती आणि सात वर्षांची मुलगी डोंबिवली सोडून गावच्या घरी सासूबाईंजवळ राहायला आले आहेत. परसात आठेक कोंबड्या पाळायच्या आहेत, घरच्या अंड्यांपुरत्या. पतींनी ऑनलाइन एक लाकडी खुराडं पसंत केलंय. उतरतं छप्पर, छोटी शिडी, किंमत अठरा हजार, आणि वर लिहिलंय '६ ते ८ कोंबड्यांसाठी'. सासूबाई म्हणतात, "आम्ही जन्मभर डालग्याखाली कोंबड्या ठेवल्या, हे कसले बंगले?" (डालगं म्हणजे कोंबड्या झाकून ठेवायची बांबूची मोठी टोपली.) भाऊ म्हणतो, करायचंच तर पन्नासांची शेड कर, धंदा होईल. शेजारच्या चुलत सासऱ्यांनी बजावलंय की जागा सामायिक आहे, पक्कं काही बांधायचं नाही. गेल्या वर्षी वाडीतल्याच एका घरच्या पाच कोंबड्या एका रात्रीत गेल्या, ती धास्ती वेगळीच. ताईंनी वहीत तीन नकाशे काढले, पण एकावरही मन बसत नाही. त्या विचारतात, "नक्की काय बांधू? आणि घरात कुणाला न दुखावता कसं बांधू?"

उत्तर:

तुम्ही पाठवलेले तिन्ही नकाशे पाहिले. तिसरा बराच जमलाय, त्याकडे येतेच. पण आधी सासूबाईंच्या त्या वाक्याबद्दल बोलू. मला वाटतं ते तुम्ही टोमणा म्हणून ऐकलंत आणि त्यातली माहिती तशीच राहून गेली.

त्यांना एकदा निवांत विचारा, डालगं रात्री कुठे असायचं? माझा अंदाज आहे, उत्तर येईल 'पडवीत'. तिन्हीसांजेला कोंबड्या आपसूक यायच्या, डालग्याखाली जायच्या, वर एखादा चिरा ठेवला जायचा आणि मग पडवीचं दार लागायचं. शिवाय पडवीत कुणीतरी म्हातारं माणूस निजलेलं असायचंच. जरा फडफड झाली की ते कंदील घेऊन उठायचं. म्हणजे कोंबड्यांची राखण करत होत्या त्या घराच्या भिंती, दार आणि ते जागसूद माणूस. डालग्याचं काम एवढंच, की कोंबड्या रात्री घरभर हिंडू नयेत. सासूबाईंचं म्हणणं खरंच आहे, त्यांच्या कोंबड्या टिकल्या. फक्त त्यांनी कधी वेगळं खुराडं बांधलं नाही, कारण आख्खं घरच खुराडं होतं.

आता तुमच्या पडवीत, तुम्हीच लिहिलंय, फरशी आहे, स्कूटर उभी असते आणि लेकीचं अभ्यासाचं टेबल आहे. तिथे पुन्हा कोंबड्या न्या असं मी सांगणार नाही. वास, पिसवा हे तर आहेच. पण २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडल्यापासून माणसांच्या निजायच्या जागेत पक्षी ठेवू नयेत, हा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि तो रास्त आहे. तेव्हा तुम्हाला परसात एक छोटी पडवी बांधायची आहे, असं समजून कामाला लागा. कोरडी जमीन, भक्कम भिंत, नीट लागणारं दार. या तीन गोष्टी झाल्या की शिडी, खिडक्या आणि छपराचा रंग हा हौसेचा भाग. तो जरूर करा, पण शेवटी.

आता नवऱ्याच्या बंगल्याबद्दल. तुम्ही त्याची मापं पाठवलीत हे फार बरं केलंत. निजायची खोली २ फूट बाय २ फूट, म्हणजे ४ चौरस फूट. कोंबडीला रात्री आत निदान ३ चौरस फूट जागा हवी, हे माप धरलं तर त्या बंगल्यात एक कोंबडी ऐसपैस राहील, दुसरी तडजोड करून. सहा ते आठ कोंबड्या त्यात मावतील त्या फक्त फोटोत. शिवाय हे नमुने थंड, कमी पावसाच्या मुलखासाठी काढलेले असतात. पातळ फळ्या, हवा अडवणाऱ्या बंद भिंती, वर डांबरी कागदाचं छप्पर. कोकणातला एक पावसाळा झाला की त्या फळ्या फुगतील, दार लागेनासं होईल. अठरा हजार रुपये थोडे नाहीत. तेवढ्यात गावचा सुतार, चांगली जाळी आणि वर पत्रा बसतोय का, याचा हिशोब मालक म्हणून तुम्हीच करून पाहा. पतींना 'तुमची निवड चुकली' असं न म्हणता मापाची टेप हातात द्या आणि अंगणात खडूने २ बाय २चा चौकोन आखायला सांगा. पुढचं बोलावं लागणार नाही.

भावाच्या पन्नासांबद्दल एवढंच, की आठ कोंबड्या एक वर्ष नीट सांभाळून पाहा, मग त्याच्याशी पुन्हा बोला. पन्नास कोंबड्या म्हणजे खाद्य, औषध, विक्री आणि घाण या चारही गोष्टी वेगळ्या जातीच्या होतात. पहिलं खुराडं धंद्याचं असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागेचा हिशोब असा धरा. आठ कोंबड्यांना आतली खोली २४ चौरस फूट, म्हणजे ६ बाय ४. त्याला लागून जाळीचं अंगण ८ बाय १०, म्हणजे प्रत्येकीला १० चौरस फूट. निजायला आडवी काठी लागते, कोंबडीमागे ९ इंच. आठ जणींना ७२ इंच, म्हणजे खोलीच्या लांबीइतकी, ६ फुटांची एक काठी पुरली. तुमच्या तिसऱ्या नकाशात नेमकी हीच मापं जवळपास आली आहेत, म्हणून तो मला आवडला. फक्त त्यातली उंची बदला. तुम्ही ३ फूट धरली आहे. अंगणाची उंची माणूस उभं राहील एवढी, निदान ६ फूट ठेवा आणि खोलीलाही माणसाला आत शिरता येईल असं दार ठेवा. वाकून झाडावं लागणारं खुराडं झाडलं जात नाही. पहिला महिना उत्साहात जातो. आषाढात, पाठ धरलेली असताना, डोक्यावर इरलं घेऊन वाकायची वेळ आली की 'उद्या बघू' सुरू होतं आणि तिथूनच रोगराई.

आता सामायिक जागेचा मुद्दा. मला वाटतं तुमच्या पत्रातली खरी गाठ हीच आहे. कोकणात सातबारावर पंधरा नावं असणं नवीन नाही आणि जोत्याचे चार दगड हे पुढच्या वाटणीत भांडणाचं मूळ होऊ शकतात. चुलत सासऱ्यांचा नकार तुम्हाला आडमुठेपणा वाटला असेल, पण त्यांनी 'कोंबड्या पाळू नका' असं कुठे म्हटलंय? 'पक्कं बांधू नका' म्हटलंय. हा फरक धरून चला. सिमेंट न वापरता, पाना आणि हातोडी घेऊन दोन दिवसांत सोडवता येईल असं खुराडं बांधा. काम सुरू करण्याआधी नकाशा घेऊन त्यांच्याकडे जा आणि जागा त्यांनाच विचारा. बहुधा त्यांना दोनच गोष्टींची काळजी असेल. वास त्यांच्या ओटीपर्यंत येऊ नये आणि कोंबड्यांनी त्यांची भाजी उकरू नये. दोन्हींना उपाय आहेत, ते सांगा.

सिमेंटशिवाय जमीन कशी करायची? आधी जागा निवडा. पावसाचं पाणी परसात कुठून कुठे वाहतं हे सासूबाईंना पाठ असेल, त्यांच्याबरोबर फिरून चढावरची जागा ठरवा. विहिरीपासून लांब, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी. ६ बाय ४च्या जागेवर सपाट माती करून त्यावर वेल्डमेश (सांधे वेल्ड केलेली, चौकोनी भोकांची ताठ) जाळी अंथरा, चारी बाजूंनी फूट-दीड फूट बाहेर येईल एवढी. त्या जाळीवर जांभ्याचे चिरे चिकटून रचा, दोन थर, म्हणजे जमिनीपासून फूटभर उंची मिळेल. फटींत वाळू ठोसून भरा. घूस खालून उकरत आली तर जाळीला अडते. बाहेर आलेल्या जाळीवर माती आणि दगड टाका. कुत्रं किंवा मुंगूस भिंतीच्या पायाशी उकरायला लागतं तेव्हा त्याला नेमकी तीच जाळी लागते. दोन फूट मागे सरून उकरावं एवढी अक्कल त्यांना नसते. जाळीच्या अंगणाच्या कडेनेही अशीच फूटभर रुंद जाळी आडवी पसरून दगड ठेवा.

खांबांना लाकूड थेट मातीत पुरू नका, वाळवी सोडणार नाही. जस्त चढवलेले लोखंडी पाईप दोन फूट ठोकून त्यांना लाकडी किंवा बांबूची चौकट बोल्टने आवळा. नुसतं दगडावर ठेवलेलं हलकं छप्पर कोकणच्या वाऱ्यात राहत नाही. २०२०च्या निसर्ग आणि २०२१च्या तौक्ते वादळात घरांचे पत्रे उडाले, तिथे खुराड्याची काय कथा. घराच्या दुरुस्तीत निघालेले जुने वासे पडून असतील तर सोन्याहून पिवळं. बांबू वापरणार असाल तर तोडून काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवलेला घ्या, नाहीतर भुंगेरे त्याचं पीठ करतात.

भिंती म्हणजे जाळी, आणि इथे पैसे वाचवू नका. बाजारात 'कोंबडीजाळी' म्हणून जी षटकोनी, मऊ तारेची जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं. तुम्हाला हवी वेल्डमेश, खालच्या तीन फुटांना अर्धा इंची, वर एक इंची चालेल. अर्धा इंचीतून मोठा उंदीर जात नाही. जाळी चौकटीवर नुसत्या यू-खिळ्यांनी ठोकू नका. वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रू मारा, म्हणजे ओढून निघत नाही. समुद्र जवळ असेल तर खारी हवा तारेची कापलेली टोकं आधी खाते, तिथे रंगाचा हात फिरवा.

तुमच्या वाडीतल्या पाच कोंबड्या एका रात्रीत गेल्या म्हणता. एवढ्या एकदम जातात तेव्हा काहीतरी आत शिरलेलं असतं. कांडेचोर (उदमांजर), रानमांजर, नाहीतर भटकं कुत्रं. कांडेचोर चढण्यात पटाईत, कौल सरकवून उतरतो. म्हणून कौलं घातलीत तरी त्यांच्याखाली जाळी हवीच. मुंगूस मात्र रात्रीचा चोर नाही, तो दिवसाढवळ्या येतो. पुष्कळ जण रात्री कुलूप लावतात आणि दुपारी कोंबडी जाते, मग दोष शेजाऱ्याच्या मांजराला. मुंगसाला पकडायचं किंवा विष घालायचं मनातही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, आणि तो उंदीर खातो, सापाशीही भिडतो हा तुमचा फायदाच आहे. कोंबड्या दिवसभर जाळीत ठेवा आणि संध्याकाळी चारनंतर, घरातलं कुणीतरी अंगणात असताना, दोन तास मोकळ्या सोडा. दिवेलागणीला त्या स्वतःच परततात. चुलत सासऱ्यांच्या भाजीचा प्रश्नही यातच सुटतो.

दाराला कडी कशी? साधी सरकती कडी माकडं उघडतात हे कोकणात सांगायला नको. वर एक, खाली एक, आणि खालच्या कडीच्या कोयंड्यात साधं कुलूप. रात्री कुलूप कोण लावणार हे ठरवून टाका. ज्या घरात 'कुणीतरी लावेल' असतं, तिथे एका रात्री ते राहतं.

पाऊस आणि हवा या दोघांची ओढाताण सांभाळणं हा कोकणातल्या खुराड्याचा सगळ्यात अवघड भाग आहे. नवखी माणसं पावसाच्या भीतीने चारी भिंती बंद करतात. मग आत विष्ठेतला अमोनिया कोंडतो, डोळे चुरचुरतात, कोंबड्या खोकायला लागतात. कोंबडीला घाम येत नाही. उकडलं की ती चोच उघडी टाकून धापा टाकते. तिला थोडी गार हवा सोसते, कोंडलेली दमट हवा नाही. म्हणून खोलीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, पश्चिमेची अरुंद भिंत फळीने किंवा पत्र्याने पूर्ण बंद करा, कारण पावसाचा मारा तिकडूनच. बाकी तिन्ही बाजूंना खालचे दोन फूट बंद आणि वर जाळी. दक्षिणेच्या जाळीवर पावसाळ्याचे चार महिने झावळ्यांची झडी, म्हणजे आडोसा, बांधा, दिवाळीला सोडा. छप्पर दक्षिण-पश्चिमेला निदान दोन फूट बाहेर येऊ द्या, म्हणजे पागोळ्या जोत्यापासून लांब पडतील. छपराखालची फट बुजवू नका, जाळी मारून उघडी ठेवा. गरम हवा तिथूनच जाते. पत्रा घालणार असाल तर उन्हाळ्यात त्यावर झावळ्या अंथरा किंवा चुन्याचा हात द्या. आणि जाळीच्या अंगणाचा निम्मा भाग तरी त्याच छपराखाली घ्या. उघडं अंगण जूनमध्ये चिखल होतं आणि कोंबड्या चार महिने खोलीतच बसून एकमेकींची पिसं उपटतात.

आतल्या सामानात जास्त काही नाही. निजायची काठी दीड-दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली, भिंतीपासून फूटभर लांब, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच. अंड्याच्या खोक्यांची उंची काठीहून कमी ठेवा. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते, खोकी उंच असली तर ती तिथेच निजते आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली मिळतात. फूट बाय फुटाची दोन-तीन खोकी आठ जणींना पुरतात. तीन ठेवलीत तरी सगळ्या एकाच खोक्यासाठी भांडतील, ते चालायचंच. काठीखाली एक पत्रा किंवा फळी सरकवून ठेवा. बरीचशी विष्ठा रात्री काठीखालीच पडते. सकाळी पत्रा ओढून खतखड्ड्यात रिकामा केला की दहा मिनिटांत काम संपलं, आणि वासाचा मोठा भाग संपला. कोंबडीखत उष्ण असतं, ते ताजं झाडांना घालू नका. पालापाचोळ्यात दोन-तीन महिने मुरवून मग नारळी-पोफळीला द्या. त्यातलं एक घमेलं चुलत सासऱ्यांच्या पोफळींना गेलं तर वाईट नाही.

जमिनीवर भाताचा तूस तीन-चार इंच पसरा. गिरणीत मिळतो. दोन-चार दिवसांनी दाताळ्याने हलवत राहा. ओला होऊन त्याची ढेकळं झाली की तेवढा भाग काढून टाका, थोडा चुना भुरभुरवा आणि कोरडा तूस घाला. ओल्या तुसात पिल्लांना रक्ती हगवण लागते. तुसाची चार पोती जूनच्या आधीच भरून माळ्यावर टाका, श्रावणात कोरडा तूस शोधत फिरावं लागू नये. एका कोपऱ्यात जुन्या टायरमध्ये माती आणि चुलीतली राख भरून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा झटकतात. तुमच्या मुलीला हा कोपरा सगळ्यात आवडेल.

सापांबद्दल तुम्ही दोन ओळीत लिहिलंय, पण भीती तिथेच जास्त दिसते. नाग अंड्यांना आणि पिल्लांना येतो, हे खरं. तरी बहुतेक वेळा साप येतो तो उंदरांच्या मागे आणि उंदीर येतात सांडलेल्या दाण्यामागे. म्हणून रात्री खाद्याचं भांडं आत ठेवू नका, खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा, अंडी संध्याकाळपर्यंत उचला. मोठ्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. 'बिचाऱ्या खातील' म्हणून ढीग घातला तर तो घुशींना जातो. खुराड्याभोवती गवत वाढू देऊ नका, लाकडांची रास लावू नका. पहाटे अंधारात खोक्यात नुसता हात घालायचा नाही, बॅटरी मारायची, हे मुलीला पहिल्याच दिवशी शिकवा.

आता एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत. माद्यांचं काय करायचं हे ठरलंय, पण नरांचं काय? तुम्ही एक दिवसाची पिल्लं आणणार आहात. त्यात निम्मे नर निघतात. मुलीने नावं तर आधीच ठरवली आहेत. सहा महिन्यांनी चार कोंबडे एकमेकांची डोकी फोडायला लागतील, पहाटे चारला बांग सुरू होईल. तुम्ही मांसाहारी आहात, पण 'घरचं कापायचं का' यावर घरात बोलणं झालेलं नाही, असं पत्रावरून दिसतं. ते बोलणं आत्ता करा, पिल्लं यायच्या आधी. कापायचे असतील तर मुलीला तसं सांगा, वयाला झेपेल अशा शब्दांत. सासूबाईंनी हे आयुष्यभर केलंय, सांगायला त्या जास्त योग्य. नसतील कापायचे, तर नर आणूच नका. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. लागतो तो पिल्लं उबवायची असतील तरच.

माझा कल असा, की पिल्लांच्या वाटेला न जाता वाडीतून किंवा शेजारच्या गावातून चार गावरान तलंगा, म्हणजे अंड्यावर यायला आलेल्या तरण्या कोंबड्या, घ्या. तलंगा म्हणजे दिवा लावून ऊब देणं नाही, नर-मादीचा घोळ नाही, आणि त्या इथल्याच पावसापाण्यात वाढलेल्या. जागा आठांची, सुरुवात चारांनी. गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, फार नाही. दहा-पंधरा अंडी घातली की खुडूक होते आणि २१ दिवस अंड्यांवर बसून पिल्लं काढते. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती जास्त अंडी देतात, पण बहुधा खुडूक होत नाहीत आणि अंगाने जड असल्याने धोका आला की चटकन उडूनही जात नाहीत. गाडीवर 'गावरान' म्हणून ओरडून विकली जाणारी रंगीत पिल्लं पुष्कळदा असलीच संकरित निघतात. नव्या कोंबड्या आणल्या की पहिला आठवडा खोली आणि जाळीबाहेर सोडू नका, म्हणजे त्यांना घर कुठलं ते कळतं.

लसीचं विसरू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा आली की खुराडं कितीही देखणं असो, रिकामं होतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आणि वेळापत्रक मिळेल. अडचण अशी, की लसीची कुपी शंभरेक पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत वापरून संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी कुणी ती फोडत नाही, म्हणून वाडीत कुणीच लस करत नाही. तुम्ही वाडीतल्या सगळ्या घरांच्या कोंबड्या मोजा, एक दिवस ठरवा, बर्फ घातलेल्या थर्मासमधून लस आणा आणि सगळ्यांच्याच करून टाका. कोंबड्या संध्याकाळी डालग्याखाली धरून ठेवायला सासूबाईंइतकं तरबेज कुणी मिळणार नाही. ते जुनं डालगं खुडूक कोंबडीला पिल्लांसकट दिवसा अंगणात झाकायलाही लागेल, घारी आणि कावळ्यांपासून. तेव्हा टाकू नका.

असाच प्रश्न असलेल्या दुसऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. मापं तीच ठेवा, शत्रू आपल्या मुलखाचा ओळखा. विदर्भ-मराठवाड्यात पावसापेक्षा मेचं ऊन मारतं. तिथे कडुनिंबाची सावली, उंच छप्पर आणि जाळीवर ओलं गोणपाट आधी पाहा, पाणी दुप्पट ठेवा. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्या आहे. खुराडं घराच्या भिंतीला लागून, उजेडात, लोखंडी चौकटीचं हवं. पुण्या-मुंबईत गच्चीवर पाळू पाहणाऱ्यांनी आधी सोसायटी आणि महापालिकेचे नियम विचारावेत, सुताराला नंतर बोलवावं.

तुमचं काम मेच्या पंधरापर्यंत उरकलं तर उत्तम, नाही उरकलं तर घाईने अर्धवट करू नका, दिवाळीनंतर करा. आणि तलंगा आणायच्या आदल्या दोन-तीन रात्री एक परीक्षा घ्या. खुराड्यात मूठभर सुकट एका थाळीत ठेवा, चारही बाजूंनी चुलीतली राख पातळ चाळणीने पसरा, दोन्ही कड्या लावा आणि निजा. सकाळी मुलीला घेऊन ठसे बघा, कोण कोण येऊन गेलं ते कळेल. थाळी भरलेली असली तर बाजारची वाट धरा. मुंग्यांशिवाय दुसऱ्या कुणी सुकट खाल्ली असेल, तर कोंबड्या आणू नका. आधी सुताराला बोलवा आणि भोक शोधा.